प्रश्न तुमचे: डी अँड डीचे नियम वापरून स्वतःचं पुस्तक काढायचंय, परवानगी कोणाची?

मागच्या अंकात आपण टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळायची, तो कसा सुरू करायचा ते लिहिलं होतं, एक डीएम (खेळ चालवणारा), चार-पाच मित्र, वीस बाजूंचा फासा आणि अख्खा शनिवार. मला वाटलं लोक विचारतील की पहिलं कॅरेक्टर फायटर घेऊ का विझर्ड. पण मेलबॉक्स उघडला तर निम्मी मंडळी थेट पुस्तक छापायलाच निघालीयेत आणि सगळ्यांना टेन्शन एकच, की डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी), म्हणजे दुसऱ्याच्या, नियमांवर आपलं पुस्तक काढलं तर अमेरिकेतून नोटीस येईल का. म्हणून ह्या वेळचं सदर पूर्ण लायसन्सवर. मी वकील नाहीये हे आधीच सांगते, गेम खेळते, थोडंफार लिहिते आणि हे असले करार वाचत बसायची मला खोड आहे. ज्यांचे पैसे खरोखर अडकणारेत त्यांनी कागद एकदा वकिलाला दाखवावा.

प्रश्न: ताई, मी डी अँड डीच्या पाचव्या एडिशनसाठी वेताळावर एक अ‍ॅडव्हेंचर लिहिलंय, म्हणजे खेळायची तयार गोष्ट, तळकोकणातलं गाव, अमावस्या वगैरे. पीडीएफ करून विकायचीये. कंपनीला परवानगीसाठी मेल टाकला, उत्तरच येत नाही. थांबू का विकायला ठेवू? (एक वाचक, कुडाळ)

विकायला ठेवा. उत्तराची वाट बघायची गरजच नाही, परवानगी आधीच दिलेली आहे, फक्त ती कशाची दिलीये आणि कशाची नाही ते नीट बघून घ्या.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मालक विझार्ड्स ऑफ द कोस्ट, आणि विझार्ड्सची मालक हॅस्ब्रो. ह्यांनी नियमांचा एक मोठा तुकडा वेगळा काढून ठेवलाय, त्याला सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे एसआरडी म्हणतात. पाचव्या एडिशनची एसआरडी ५.१ ही ४०३ पानांची पीडीएफ आहे आणि जानेवारी २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० लायसन्सखाली आहे. २०२४ मध्ये जे नवीन नियम आले त्यांची एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच लायसन्सखाली आली. सीसी-बाय म्हणजे काय तर घ्या, बदला, विका, रॉयल्टी शून्य, फक्त श्रेय द्या आणि बदल केले असतील तर तसं सांगा. एकदा दिलेलं परत घेता येत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, का ते पुढे येईलच.

श्रेयाचा मजकूर तुम्ही बनवू नका. एसआरडीच्या सुरुवातीलाच तो तयार दिलेला आहे, तो इंग्रजीत जसाच्या तसा डकवा, आणि ५.१ वापरली असेल तर ५.१ चा, ५.२ वापरली असेल तर ५.२ चा. ५.१ मध्ये विझार्ड्सनी असंही लिहिलंय की ह्यापलीकडे आमचं नाव कुठे लावू नका, पण 'फिफ्थ एडिशनशी कंपॅटिबल' किंवा '५ई कंपॅटिबल' असं पुस्तकावर लिहायला हरकत नाही. म्हणजे कव्हरवर '५ई कंपॅटिबल' चालेल, डी अँड डीचा लाल लोगो अजिबात चालणार नाही. लोगो आणि नाव हा ट्रेडमार्कचा विषय, सीसी-बायमध्ये ट्रेडमार्क येतच नाही.

आता आतल्या मजकुराचं बघू. समजा वेताळाच्या पालखीपुढे पळणारी बारकी भुतं तुम्हाला गॉब्लिनच्या धर्तीवर करायचीयेत. एसआरडीतला गॉब्लिन म्हणजे आर्मर क्लास १५ (फाशावर एवढे आले की वार लागतो), हिट पॉइंट ७ (एवढा त्याचा जीव), आणि 'निंबल एस्केप' नावाची खोड, म्हणजे प्रत्येक टर्नला बोनस अ‍ॅक्शनमध्ये सटकायचं नाहीतर लपायचं. हा आकड्यांचा आणि वर्णनाचा अख्खा ब्लॉक, शब्दन् शब्द, उचलून तुमच्या भुताखाली टाकलात तरी कोणी काही बोलू शकत नाही. पण बिहोल्डर, म्हणजे तो एक मोठा डोळा आणि डोक्यावर बारक्या डोळ्यांचे दांडे असलेला गोळा, किंवा माइंड फ्लेअर, ह्यांचे ब्लॉक एसआरडीत नाहीत. ते कंपनीने स्वतःकडे ठेवलेत. तीच गोष्ट त्यांच्या जगांची, फरगॉटन रेल्म्समधलं शहर किंवा माणूस तुमच्या अ‍ॅडव्हेंचरमध्ये आणायचा नाही. क्लासेसच्या, म्हणजे फायटर, विझर्ड अशा पात्रांच्या प्रकारांच्या बाबतीत पण एसआरडी ५.१ हात राखून आहे, प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास (पोटप्रकार) दिलाय, फीट, म्हणजे पात्राला मिळणारी खास करामत, तर फक्त एक, ग्रॅपलर. बाकीचे प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या मुख्य विकत मिळणाऱ्या पुस्तकात, आहेत पण एसआरडीत नाहीत, त्यामुळे 'पुस्तकात होतं म्हणून घेतलं' असं करू नका, लिहिताना समोर एसआरडी उघडी ठेवा, हँडबुक नको.

वेताळ मात्र कोणाचाच नाही. वेंगुर्ल्याकडच्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक केळ्यांचे घड आणि हे मोठाले चामड्याचे जोडे वाहतात, रात्री तो गावची राखण करत फिरतो आणि जोडे झिजतात अशी श्रद्धा आहे, हे सगळं लोकपरंपरेतलं आहे, बिनधास्त वापरा. फक्त एखाद्या लेखकाच्या पुस्तकातला विशिष्ट वेताळ उचलला नाही ना एवढं बघा. आणि हो, तो लोकांचा देव आहे, त्याला चॅलेंज रेटिंग, म्हणजे राक्षस किती अवघड त्याचा आकडा, देऊन मारायला ठेवलात तर नोटीस अमेरिकेतून नाही, वेंगुर्ल्यातून येईल.

प्रश्न: माझा रूममेट म्हणतो की खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतोच. मग हे लायसन्स-बियसन्स कशाला पाहिजे? सगळे उगाच घाबरतात का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

रूममेट बरोबर बोलतोय, पण अर्धंच.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलम १०२ बी आहे, त्यात सरळ म्हटलंय की कल्पना, पद्धत, प्रक्रिया, सिस्टम ह्यांना कॉपीराइट मिळत नाही. हे मूळ खूप जुनं आहे, १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन केसमधलं. सेल्डनने हिशेब लिहायची एक नवी पद्धत काढून तिचं पुस्तक छापलं होतं, आत कोरे तक्ते होते. बेकरने जवळपास तसेच तक्ते काढून विकले. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पुस्तकातलं लिखाण सेल्डनचं, पण हिशेबाची पद्धत कोणीही वापरावी. खेळांच्या बाबतीत अगदी फिट बसणारी केस २०१६ ची, टेक्सासमधली. 'बँग!' नावाचा इटालियन पत्त्यांचा खेळ आहे, काउबॉयवाला. एका चिनी कंपनीने तोच खेळ घेतला, शेरीफ आणि डाकू काढून तिथे प्राचीन चीनचे राजे-सरदार बसवले, पॉवर्स बऱ्याचशा त्याच. कोर्टाने निकाल चिनी कंपनीच्या बाजूने दिला, की कोणत्या पत्त्याने काय होतं हा खेळाचा नियम झाला, तो कोणाच्या मालकीचा नाही. आपल्याकडेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्समध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, कल्पनेवर कॉपीराइट नाही, ती कशी मांडली त्यावर आहे.

म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात बोनस मिळवायचा, समोरच्याच्या आर्मरएवढा किंवा जास्त आला की वार लागला, हे तुम्ही स्वतःच्या शब्दात लिहून उद्या छापू शकता. पण फायरबॉलच्या स्पेलखाली जो परिच्छेद आहे तो परिच्छेद कोणीतरी लिहिलाय, तो त्यांचा. आणि डी अँड डीमध्ये असे परिच्छेद शेकड्याने आहेत, त्यात नियम कुठे संपतो आणि लेखन कुठे सुरू होतं ही रेघ कोणीच पक्की मारून दिलेली नाही. मॅजिक मिसाइल हा जादूचा बाण नेहमी लागतोच, हा नियम की वर्णन? तुम्ही म्हणाल नियम, त्यांचा वकील म्हणेल आमच्या कल्पकतेचा भाग, आणि हे ठरवायला कोर्टात जावं लागणार, ज्याचा खर्च तुमच्या पीडीएफच्या विक्रीतून निघणार नाही.

आणि ही भीती हवेतली नव्हती. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा हा खेळ काढणारी टीएसआर नावाची कंपनी नव्वदच्या दशकात केसेससाठीच बदनाम होती. मेफेअर गेम्स नावाची कंपनी डी अँड डीला चालतील अशी पुस्तकं काढायची, १९८४ मध्ये दोघांचा करारसुद्धा झाला होता, तरी टीएसआरने १९९१ मध्ये तिला कोर्टात खेचलं. शेवट काय, तर टीएसआरने ती पुस्तकांची अख्खी लाइन विकत घेतली आणि बंद करून टाकली.

म्हणून मी नेहमी सांगते, की लायसन्समधून तुम्हाला नियम मिळत नाहीत, नियम तुमचेच होते. मिळतो तो तयार मजकूर आणि 'केस टाकणार नाही' हा शब्द. ह्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे, त्यामुळे लायसन्स वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा की हा शब्द त्यांना मागे घेता येतो का.

प्रश्न: पण कंपनी फुकट देतेच का? यात तिचा फायदा काय? काहीतरी गोम असणारच. (कोल्हापूर)

गोम आहे, आणि तिची गोष्ट मजेशीर आहे.

१९९७ मध्ये टीएसआर कर्जात बुडाली होती आणि विझार्ड्सने ती विकत घेतली. तिथे रायन डॅन्सी हा माणूस डी अँड डीचा धंदा बघायचा. त्याने सॉफ्टवेअरमधलं ओपन सोर्स बघितलं होतं आणि त्याचं म्हणणं असं, की लोक एखादा खेळ खेळतात कारण आजूबाजूचे सगळे तोच खेळतात, त्यामुळे बाहेरच्या पब्लिशरांनी आमच्या नियमांवर पुस्तकं काढली तर काढू देत, अ‍ॅडव्हेंचरमध्ये तसाही फार पैसा नाही, शेवटी टेबलावरच्या प्रत्येकाला प्लेअर्स हँडबुक आमचंच घ्यावं लागणार. शिवाय त्याला भीती होती की टीएसआरसारखी उद्या आमचीही कंपनी बुडाली तर खेळ कागदपत्रांत अडकून पडू नये. म्हणून २००० मध्ये तिसऱ्या एडिशनसोबत ओपन गेम लायसन्स आलं, ओजीएल, आणि त्याची जी आवृत्ती टिकली ती १.०ए.

ओजीएलसोबत दुसरं एक लायसन्स होतं, डी-ट्वेंटी लोगोचं. तो लोगो कव्हरवर लावायचा असेल तर अट अशी की तुमच्या पुस्तकात कॅरेक्टर कसं बनवायचं ते द्यायचं नाही. बघा गंमत, म्हणजे तुमचं पुस्तक कितीही भारी असलं तरी वाचणाऱ्याला हँडबुक घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. डॅन्सीचा अख्खा हिशेब त्या एका अटीत बसलेला होता.

पहिली दोन-तीन वर्षं दिवाळीच. गल्लोगल्ली पब्लिशर झाले, दुकानं भरली. मग माल इतका झाला, आणि त्यात बराचसा भंगार, की दुकानदार हात वर करायला लागले, आणि २००३ मध्ये विझार्ड्सने ३.५ ही सुधारित एडिशन काढली तशी जुन्या नियमांवरची पुस्तकं शेल्फवर पडून राहिली. छोटे पब्लिशर बरेच गेले. लायसन्स पक्कं असलं तरी खाली जमीन दुसऱ्याची आहे, एडिशन कधी बदलायची ते तोच ठरवणार, हे तेव्हा लोकांना कळलं.

मग २००८, चौथी एडिशन. तोपर्यंत डॅन्सी कंपनीत नव्हता आणि नवीन लोकांना वाटलं की एवढं मोकळं कशाला ठेवायचं. ओजीएल बाजूला ठेवून त्यांनी गेम सिस्टम लायसन्स काढलं, त्यात नियमांचा मजकूर छापायची सोय नाही, कंपनी अटी कधीही बदलणार, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत तर असंही होतं की एखादी पुस्तकमालिका नव्या लायसन्सवर आणलीत तर तीच जुन्या ओजीएलवर विकायची बंद. पायझो नावाची कंपनी, जी २००७ पर्यंत विझार्ड्सच्याच परवान्यावर डी अँड डीची मासिकं चालवायची, ती म्हणाली नको बाबा. त्यांनी ३.५ चे नियम घेतले, जे ओजीएलखाली होते आणि परत घेता येणार नाहीत असं तेव्हा सगळे धरून चालायचे, त्यात डागडुजी केली आणि २००९ मध्ये पाथफाइंडर म्हणून स्वतःचा खेळ काढला. ज्यांना चौथी एडिशन आवडली नाही ते सगळे तिकडे. म्हणजे विझार्ड्सचा त्या काळातला सगळ्यात मोठा स्पर्धक विझार्ड्सच्याच नियमांवर, विझार्ड्सच्याच परवानगीने उभा राहिला. आपलेच दात आपलेच ओठ.

माझं मत विचाराल तर डॅन्सीचं गणित बरोबरच होतं, बिघडलं ते मधल्या लोकांच्या हावरेपणाने. पाचवी एडिशन २०१४ ला आली, २०१६ च्या जानेवारीत तिची एसआरडी परत त्याच जुन्या ओजीएलखाली दिली, आणि हा खेळ पूर्वी कधी नव्हता इतका पसरला. आता त्यात लायसन्सचा वाटा किती आणि यूट्यूबवर खेळणाऱ्यांचा किती ते मोजता येणार नाही, पण आडकाठी तरी नव्हती.

प्रश्न: २०२३ मध्ये ओजीएलवरून एवढा राडा कशामुळे झाला? मी तेव्हा नववीत होतो, सगळे डी अँड डी बियाँडचं, म्हणजे खेळाच्या ऑनलाइन साइटचं, सबस्क्रिप्शन रद्द करत होते एवढंच आठवतंय. (डोंबिवली)

डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांसमोर म्हणाल्या की डी अँड डीमधून हवे तितके पैसे काढले जात नाहीयेत. त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की ओजीएल बदलणार. आणि ५ जानेवारी २०२३ ला गिझमोडोच्या पत्रकार लिंडा कोडेगा ह्यांनी नव्या लायसन्सच्या, ओजीएल १.१ च्या, फुटलेल्या मसुद्याची बातमी छापली.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं कलम रॉयल्टीचं. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमाई गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, किकस्टार्टरवरून (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची साइट) असेल तर २० टक्के. नफ्यावर नाही, विक्रीवर! छपाई, चित्रकार, कुरिअर सगळं जाऊन ज्याच्या हातात शंभरातले दहा-पंधरा उरतात तो पंचवीस कुठून देणार? पण खरं सांगू का, साडेसात लाख डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने सहा कोटींच्या वर, कंपनीच स्वतः म्हणत होती की जगात वीसपेक्षा कमी लोकांना हे लागू पडेल. तुम्हा-आम्हाला काय त्याचं.

आपल्याला झोंबणारी कलमं दुसरीच होती. पन्नास हजार डॉलरच्या वर कमाई गेली की हिशेब कळवायचा. कंपनी तीस दिवसांची सूचना देऊन अटी बदलू शकणार. तुम्ही जे लिहाल ते वापरायचा, कायमचा, जगभर, एक पैसा न देता, दुसऱ्याला पुढे द्यायचासुद्धा हक्क कंपनीला. म्हणजे कुडाळच्या वाचकाचा वेताळ उद्या विझार्ड्सच्या पुस्तकात दिसला तर त्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि सगळ्यात वाईट, जुनं १.०ए आता अधिकृत राहणार नाही.

हे शेवटचं जरा नीट बघा कारण कुठलंही लायसन्स वाचताना हीच जागा तपासायची असते. १.०एच्या चौथ्या कलमात लिहिलंय की हक्क 'परपेच्युअल' आहे, म्हणजे मुदत नाही. पण 'इर्रिव्होकेबल', म्हणजे मागे घेता येणार नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि नवव्या कलमात आहे की कंपनी नवीन आवृत्त्या काढू शकते, आणि तुम्ही लायसन्सची कुठलीही 'ऑथराइज्ड' आवृत्ती वापरू शकता. तेवीस वर्षं सगळ्यांनी ह्याचा अर्थ असा लावला की जुनी आवडली तर जुनी वापरा. विझार्ड्सच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत तेच छापलं होतं, आम्ही केलेला बदल तुम्हाला पटला नाही तर आधीची आवृत्ती वापरत राहा. डॅन्सीनेही २०२३ मध्ये सांगितलं की मागे घ्यायचा विचार तेव्हा नव्हताच. पण कंपनीने तो एक शब्द पकडला आणि म्हणाली, आम्ही आता जुनी अनऑथराइज्ड करतो. हे कोर्टात टिकलं असतं का? मला वाटतं अवघड होतं, पण कोर्टात जायची वेळच आली नाही.

कारण हात दाखवून अवलक्षण झालं. लोकांनी सबस्क्रिप्शन रद्द करायला सुरुवात केली, आणि हॅस्ब्रोने डी अँड डी बियाँड आदल्याच वर्षी साडेचौदा कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलं होतं, त्यामुळे ते बरोबर दुखऱ्या जागी लागलं. १२ जानेवारीला पायझोने जाहीर केलं की आम्ही वेगळं लायसन्स काढतो, ओआरसी, ज्याची मालकी पायझोकडेही नसेल आणि खेळ विकणाऱ्या कुठल्याच कंपनीकडे नसेल. केओसियम, कोबोल्ड प्रेस, ग्रीन रोनिन हे दुसरे पब्लिशर, सगळे तिकडे जाऊन उभे. पाथफाइंडरच्या मुख्य पुस्तकाचा आठ महिने पुरेल असा साठा दोन आठवड्यांत संपला. विझार्ड्सने मग १.२ नावाचा मवाळ मसुदा आणला, सर्व्हे घेतला, पंधरा हजारांवर उत्तरं आली, ८८ टक्के म्हणाले आम्ही ह्याखाली पुस्तक काढणार नाही. २७ जानेवारीला कंपनीने गुडघे टेकले. १.०ए आहे तसं राहील, आणि वर एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, जिथून ती त्यांनाही परत घेता येत नाही. पहिली बातमी फुटल्यापासून महिनासुद्धा झाला नव्हता.

तरी ज्यांनी जायचं ठरवलं होतं ते परत आले नाहीत. पायझोने पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनची पुस्तकं नव्याने लिहून ओआरसीखाली आणली, डी अँड डीची म्हणून ओळखली जाणारी नावं काढून टाकली. कोबोल्ड प्रेसने स्वतःचा खेळ काढला, टेल्स ऑफ द व्हॅलियंट. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात.

प्रश्न: डीएम्स गिल्ड ह्या विझार्ड्सशी जोडलेल्या विक्रीच्या साइटवर टाकलं तर फरगॉटन रेल्म्स पण वापरता येतं म्हणे. मग तिथेच टाकणं चांगलं नाही का? (नाशिक)

वापरता येतं, बिहोल्डरसुद्धा वापरता येतो. बदल्यात विक्रीतला निम्मा वाटा विझार्ड्स आणि साइटवाले घेतात, तुम्हाला पन्नास टक्के. पण पैशापेक्षा दुसरी अट मोठी आहे, तिथे टाकलेली गोष्ट दुसरीकडे विकता येत नाही आणि तुमच्या गोष्टीतला माल गिल्डवरचे बाकीचे लेखक त्यांच्या पुस्तकांत वापरू शकतात. हे २०१६ पासून असंच आहे आणि अटी लपवलेल्या नाहीत, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नाही. तुमची गोष्ट त्यांच्या जगातच घडत असेल तर तिथेच टाका, दुसरा रस्ता नाही. पण जग तुमचं स्वतःचं असेल, त्यावर उद्या कादंबरी, कॉमिक काही करायचं मनात असेल, तर तिकडे फिरकू नका. कुडाळवाल्यांना हाच सल्ला.

प्रश्न: आमच्या ग्रुपने स्वतःचा गेम बनवलाय, नियम पूर्ण आमचे. बंगळूरचा एक जण त्यासाठी सप्लिमेंट, म्हणजे पुरवणी पुस्तक, काढतो म्हणतोय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो काढ' असं आम्ही लिहून पण दिलंय. एवढं पुरतं का? (ठाणे)

मैत्रीसाठी पुरतं, धंद्यासाठी नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ३० म्हणतं की लायसन्स लेखी हवं. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज लेखी धरायचा की नाही ह्यावर वकील भांडत बसतील, पण खरी अडचण ही, की त्यात लिहिलं काहीच नाही. आणि तुम्ही लिहिलं नाही की कायदा तुमच्या वतीने लिहितो. कलम १९ मधल्या गोष्टी कलम ३०ए मुळे लायसन्सलाही लागू होतात, आणि त्या अशा, की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि ज्याला हक्क दिला त्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क संपतो. बंगळूरचा भाऊ पीडीएफ अमेरिकेतल्या साइटवर टाकणार असेल तर 'फक्त भारत' हे त्याला कसं चालेल? म्हणून एक पान का होईना, मुदत, प्रदेश, कोणता मजकूर, पैसे किती, हे लिहा. आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी सही करा, कारण नियम चौघांनी लिहिले असतील तर मालक चौघं आहेत, ज्याने मेसेज टाकला तो एकटा नाही.

प्रत्येकाशी वेगळा कागद करायचा कंटाळा येत असेल तर उघडं लायसन्स द्या. माझी पसंती अशी, की नियमांचा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढा, ती सीसी-बायखाली सोडा, आणि तुमचं जग, कॅरेक्टर्स, चित्रं, नाव हे स्वतःकडे ठेवा. ब्लेड्स इन द डार्क ह्या खेळवाल्यांनी असंच केलं, त्यांची एसआरडी सीसी-बायखाली आहे आणि वर 'फोर्ज्ड इन द डार्क' असा शिक्का लावायची मुभा दिली, त्यावर केवढे तरी खेळ निघाले. तुम्हाला असं वाटत असेल की आमच्यावरून बनवलेले नियमही पुढच्याने मोकळेच ठेवावेत, तर ओआरसी बघा, त्यात मेकॅनिक्स आपोआप पुढे मोकळे राहतात आणि गोष्ट ज्याची त्याची राहते. 'नॉन-कमर्शियल' वालं सीसी लायसन्स मात्र देऊ नका. ऐकायला सुरक्षित वाटतं, पण दोनशे रुपयाला पीडीएफ विकणारा प्रामाणिक माणूस त्याने अडतो, आणि चोर तर लायसन्स वाचतच नाही.

चित्रकाराशी काय ठरलंय तेही तपासा. चित्र तुमच्या पुस्तकासाठी घेतलं असेल तर ते पुढे दुसऱ्याला द्यायचा हक्क तुमच्याकडे असेलच असं नाही.

प्रश्न: नियम मराठीत आणायचेत. चालेल का? (एक शिक्षिका, सांगली)

एसआरडी चालेल, पुस्तक नाही. सीसी-बायमध्ये भाषांतर आलं, विकायचं असेल तरी. मूळ श्रेय इंग्रजीत तसंच ठेवा, त्याखाली मराठीत लिहा की हे भाषांतर आमचं आहे आणि कंपनीचा ह्याच्याशी संबंध नाही. विझार्ड्सने एसआरडी ५.१ फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये स्वतः करून दिली, मराठी त्यांच्या यादीत यायची वाट बघत बसलात तर तुमचे विद्यार्थी रिटायर होतील. प्लेअर्स हँडबुकातली चित्रं, उदाहरणं, प्रस्तावना काही घेऊ नका. आणि ४०३ पानं एकदम हातात घेऊ नका हो, आधी लढाईचं प्रकरण आणि पहिल्या तीन लेव्हल करा, शाळेतल्या मुलांना वर्षभर तेवढं पुरतं. झालं की मला पाठवा, आमच्या टेबलावर खेळून बघते आणि कुठे अडतंय ते कळवते.